जुलैचं पाणी

कर्जत, नेरळ, चौक, खालापूर या पट्ट्यात प्लॉटिंगचे रस्ते आखताना मी गटाराआधी ओढा शोधतो. माथेरानच्या डोंगरावरून पूर्वेला उतरणारं पाणी उल्हासला मिळतं, चौक-खोपोलीकडचं पाताळगंगेला. मधे कितीही भराव टाका, पावसाळ्यात ते जुनी वाट धरतंच.

सहा मीटर रुंद, शंभर मीटर लांब डांबरी रस्त्यावर १०० मिमी पाऊस पडला की ६० हजार लिटर पाणी होतं. इथे जुलैत असा दिवस नवलाचा नाही. ते सगळं सिमेंटच्या गटारात घातलं की भर्रकन खाली पोचतं आणि खालच्या वाडीच्या मोरीपाशी तुंबतं. उतारावर वेग घेतलेलं पाणी काय करतं, ते २००५च्या जुलैत दिसलं. नेरळ-माथेरानचा लोहमार्ग उखडला तो २००७मध्येच पुन्हा सुरू झाला.

म्हणून रस्त्याकडेला मी उघडा चर घेतो. तळाला डबर, वर खडी, मग माती आणि वाळ्याची बेटं. चराचा काठ रस्त्यापेक्षा चार बोटं खाली हवा. वर राहिला तर पाणी आत शिरतच नाही. थोड्या थोड्या अंतरावर दगडांची आडवी रांग. तिथे पाणी अडखळतं, गाळ टाकतं, मग पुढे सरकतं. वाळ्याची मुळं खोल जाऊन काठ धरतात, हरळीच्याने तेवढं होत नाही.

ही पद्धत १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या मेरीलँडच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत नावारूपाला आली. तिथे वर्षाला साधारण हजार मिमी पाऊस, तोही बारा महिने विभागून. आपल्याकडे त्याच्या तिप्पट, चार महिन्यांत. त्यांची मापं इथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. जूनमध्ये मुरूम पाणी पितो. जुलैच्या मध्याला तो भरून जातो आणि खाली काळा कातळ असतो. तेव्हा सगळं जिरवायचा हट्ट सोडावा लागतो. वेग मोडायचा आणि जादा पाण्याला ओढ्यापर्यंत मोकळी वाट द्यायची. नकाशावर ही सांडवाट नसेल, तर चर कितीही देखणा असो, मी सही करत नाही.

मृगाआधी चरातला गाळ उपसावा लागतो, आणि शेजारी बांधकाम चालू असेल तर वाळूचा ढीग चरापासून लांब ठेवायला लावावा लागतो. एका पावसात ती वाळू खडीची सगळी भोकं बुजवते.

इथे प्लॉट घेणाऱ्यांना एवढंच सांगणं: उन्हाळ्यात सौदा करू नका. जुलैत भर पावसात या, रस्त्यावर उभे राहा आणि पाणी कुठे जातं ते बघा.