मधल्या वर्षांचे अंदाजपत्रक

‘अंदाजपत्रक’ हा मराठीतील मोठा प्रामाणिक शब्द आहे. फारसीतून आलेला अंदाज त्यात आधी येतो आणि संस्कृतातले पत्रक मागून येते. कागदावर जे मांडले आहे तो अखेर अंदाजच, ही कबुली शब्दाने स्वतःच देऊन ठेवली आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना या शब्दाशी सहसा कर्तव्य नसते; महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचा किंवा एखाद्या चर्चासत्राचा खर्च मांडताना तेवढा तो भेटतो. इतकी वर्षे मराठी शिकवताना आमचाही त्याच्याशी संबंध तितकाच आला. निवृत्तीनंतर मात्र या दुर्लक्षित गद्यप्रकाराचा आम्ही नेटाने अभ्यास केला, आणि त्याला निमित्त झाली १९८३ सालची एक प्रीमियर पद्मिनी.

पद्मिनी म्हणजे काय हे आमच्या पिढीला सांगावे लागत नाही. पण आज विशीत असलेल्या वाचकांपैकी अनेकांनी तिला चित्रपटांतच पाहिले असेल. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होत असे. मूळची ती इटलीची फियाट ११००. येथे आल्यावर तिने काही नावे बदलली आणि सत्तरच्या दशकात ती राणी पद्मिनीच्या नावाने स्थिरावली. इंजिन १०८९ सीसीचे, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, पुढे सलग बाक, चारही चाकांना ड्रम ब्रेक. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईत काळ्या-पिवळ्या रंगात ती आणखी काही काळ धावली आणि २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांतून तिच्यावर हळवे मृत्युलेख आले. ते वाचत असताना आमची गाडी गॅरेजमध्ये विटांवर उभी होती, आणि हळवेपणाला खर्च येत नाही, हे आम्हांला तेव्हा प्रथमच नीट कळत होते.

गाडी घेण्यासाठी आम्ही जे पैसे बाजूला काढले ते निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या रजेच्या रोखीतले होते. ते पुन्हा मिळणारे नव्हते. आमच्या पत्नीने आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचे हिशेब तपासले आहेत. तिने विरोध केला नाही. फक्त एक अट घातली. “गाडी घ्या, पण आकडा आधी लिहा. आणि पेनाने लिहा, पेन्सिलीने नको.” म्हणून दोनशे पानी वहीच्या पहिल्या पानावर आम्ही पेनाने लिहिले : ‘पद्मिनी. साडेतीन लाख रुपये.’ या रकमेत गाडी रस्त्यावर आली नाही, तर ती जशी असेल तशी विकून टाकायची, हेही त्याखाली लिहिले. जुन्या गाड्यांच्या वाट्याला येणारा सर्वांत सामान्य शेवट आम्ही आसपास पाहिला होता. हौसेने घेतलेली, निम्मी उघडलेली गाडी ताडपत्रीखाली पडून राहते. मालक अजून पैसे घालू शकत नाही आणि घातलेले सोडूही शकत नाही. आम्हांला भीती होती ती त्या ताडपत्रीची.

साडेतीन लाखांची वाटणी करताना प्रथम आम्ही भागांची यादी केली : क्लचप्लेट, बॅटरी, टायर, काचेची रबरे. यादी चार पाने झाली आणि तिच्यातून काहीच कळेना. सत्तरीच्या घरातल्या आमच्या मिस्त्रींनी ती पाहिली आणि परत दिली. त्यांचे तारुण्य याच गाड्या खोलण्यात गेले आहे. “सर, आधी थांबायचं बघू, मग पळायचं, मग दिसायचं,” ते म्हणाले. साहित्यशास्त्रात इतके नेटके वर्गीकरण आम्हांला क्वचितच भेटले आहे. मग वहीत त्याच क्रमाने शीर्षके पडली. गाडीची किंमत आणि कागदपत्रे यांना १,१५,०००. थांबण्याला आणि वळण्याला, म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, स्प्रिंगा व टायर यांना ४७,०००. चालण्याला, म्हणजे इंजिन, पेट्रोलची टाकी व नळ्या आणि वायरिंग यांना ७३,०००. पत्राकामाला ३५,०००. दिसण्याला, म्हणजे रंग, आसने आणि चकाकणाऱ्या पट्ट्या यांना ४५,०००. उरलेले ३५,००० ‘न दिसणारे’ या नावाखाली. हे शेवटचे शीर्षक पत्नीचे. एकूण रकमेचा दहावा हिस्सा ज्याला नाव नाही त्याच्यासाठी ठेवावा, असे तिचे मत होते.

या मांडणीचा उपयोग असा की प्रत्येक खर्चाला आपले स्थान सांगावे लागते. बंपरला नवे क्रोम चढवावे अशी इच्छा होते, तेव्हा ती ‘दिसणे’ या रांगेत शेवटी उभी राहते, आणि तिच्या पुढे मास्टर सिलिंडरची झिजलेली रबरे असतात. पेट्रोलच्या नळ्या वरवर धड दिसत होत्या. पण आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीला आजचे इंधन पचवायचे असेल, तर त्या नळ्या आणि पंपाचा पडदा बदलणे भाग होते. काळ बदलला की जुन्या वस्तूला नुसते जुने राहण्यासाठीही खर्च करावा लागतो.

गाडी पाहायला गेलो तेव्हा मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबक काढून दाराच्या खालच्या कडेवरून फिरवले होते. जेथे ते चिकटत नव्हते तेथे पत्रा नव्हता, पुट्टी होती. अशा सहा जागा त्यांनी खडूने दाखवल्या, आणि पत्राकामाचे ३५,००० त्या सहा खुणांवर बेतलेले होते. पण गंज बाहेरून मोजता येत नाही. आतली गालिच्याची पट्टी उचलल्यावर चालकाच्या पायाखालची जमीन हाताने मोडली. दारांखालच्या उंबरठ्यांत आधीच्या कोणा कारागिराने गंजलेला पत्रा न काढता त्यावरच नवा पत्रा जोडला होता, आणि दोहोंमध्ये पाणी साठून दोन्ही गेले होते. नवे काम ८२,००० रुपयांवर गेले. वाढ ४७,००० ची. त्यातले ३५,००० ‘न दिसणारे’ मधून निघाले, आणि पत्नीच्या शीर्षकाची अन्वर्थकता सिद्ध झाली. उरलेल्या १२,००० चा प्रश्न मात्र तसाच राहिला.

याच सुमारास एक सोपी वाट समोर आली. इंजिनाचे काम अजून सुरू व्हायचे होते. सिलिंडरांचे बोअरिंग, नवे पिस्टन, हेडची दुरुस्ती आणि क्लच यांसाठी ४८,००० रुपये ठेवलेले होते. मिस्त्रींच्या ओळखीच्या एका कारागिराने सुचवले की मोडीत निघालेल्या एखाद्या नव्या छोट्या गाडीचे इंजिन ३०,००० मध्ये बसवून देतो. पेट्रोल कमी लागेल, सुटे भाग कोठेही मिळतील. १८,००० वाचणार होते, म्हणजे तूट भरून वर ६,००० उरणार होते. हिशेबाच्या दृष्टीने या सूचनेत दोष काढणे अवघड होते. आम्ही ती वही पत्नीपुढे ठेवली. तिने आकडे तपासले, बेरीज बरोबर असल्याचे सांगितले आणि पहिले पान उघडले. “इथे पद्मिनी लिहिलंय. दुसरं इंजिन घालायचं असेल तर वरचं नावही खोडावं लागेल. तेही पेनानेच.”

आम्ही नाव खोडले नाही. तूट ‘दिसणे’ मधून काढली. आसने आणि क्रोम यांच्यासाठी ठेवलेल्या १५,००० पैकी ३,००० उरले. त्यात आसनांचे उसवलेले रेक्झिन शिवून घेतले आणि बंपर जसे होते तसे फक्त पुसून लावले. ‘चालणे’ या रांगेतला एक रुपयाही हलला नाही. इंजिनाचे काही भाग पुण्याच्या नाना पेठेत मिळाले, काही मुंबईहून, मोडीत निघालेल्या टॅक्सींतून आले. आमच्या गाडीत त्यामुळे आता आणखी दोन-तीन गाड्यांचे अवशेष आहेत. पाठचिकित्सेचा अभ्यास केलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये. भांडारकर संस्थेने १९१९ साली हाती घेतलेली आणि १९६६ साली पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्तीही अनेक पोथ्या समोर ठेवूनच सिद्ध झाली. गळलेली जागा त्याच परंपरेतील दुसऱ्या प्रतीवरून भरता येते. कल्पनेने नवी ओळ घालणे ही वेगळी गोष्ट. आमचा आणि त्या इंजिन बसवणाऱ्या कारागिराचा मतभेद एवढाच होता.

या निर्णयाला कायद्याचीही एक बाजू आहे, आणि आमच्या मते या सगळ्या प्रकरणातला खरा विचार तेथे आहे. आपल्याकडे खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर. मोटारीच्या पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० झाले आणि २०२५ साली २० वर्षांवरील मोटारींसाठी १०,००० झाले. धूर आणि सुरक्षितता पाहता त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. दुसरीकडे २०२१ साली केंद्र शासनाने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल आणि तिच्या सांगाड्यात, बाह्य पत्र्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसेल, तर ती वारसा म्हणून नोंदवता येते. म्हणजे १५ वर्षांपर्यंत गाडी उपयोगाची आणि ५० नंतर मोलाची. मधली ३५ वर्षे ती केवळ जुनी. तिच्यावर दंड आहे, गौरव नाही. आणि पन्नाशी गाठताना ती मूळ रूपात असली पाहिजे, ही अपेक्षा मात्र आहे. त्या ३५ वर्षांचा खर्च कोणी करायचा, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही, आणि ते लिहिता येण्यासारखेही नाही.

पुस्तकांचे असेच होते, हे ग्रंथालयात काम करणारा कोणीही सांगेल. नव्या पुस्तकाला प्रकाशक असतो, परीक्षण असते, पुरस्कार असतो. फार जुन्या पुस्तकाला संशोधक असतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या चांगल्या कादंबरीला यांपैकी कोणीच नसते. ती अप्राप्य असते, आणि अभिजात होण्याइतकी जुनी झालेली नसते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हांलाही झाला. पण लीळाचरित्र आपल्यापर्यंत आले ते प्राचीन होते म्हणून आले नाही. ते प्राचीन होण्याच्या पुष्कळ आधी, त्याला कोणी प्राचीन म्हणत नव्हते अशा शतकांत, महानुभाव मठांतून कोणीतरी कागद आणला, शाई केली आणि सकळ लिपीत प्रत उतरवली. पोथी झिजली की पुन्हा उतरवली. त्या प्रत्येक प्रतीला श्रम पडले, अन्न लागले, दिवे जळले. अभिजाततेचा हा मधला खर्च आपल्या वाङ्मयेतिहासांत क्वचितच येतो. आपण उगम सांगतो आणि गौरव सांगतो. देखभाल सांगत नाही.

गाडी २०२४ च्या उन्हाळ्यात रस्त्यावर आली. तिचा रंग सुबक आहे, बंपर मळकट आहेत, आणि ब्रेक पहिल्या दाबाला लागतात. पहिल्या पानावरचा आकडा ओलांडला गेला नाही. तरीही वही संपलेली नाही, कारण पत्नीने शेवटी एक नवे पान उघडायला लावले : २०२३ ते २०३३. दर वर्षी २५,००० रुपये तेल, विमा, टायर, किरकोळ दुरुस्ती आणि पाच वर्षांनी एकदा येणारे शुल्क यांसाठी. दहा वर्षांचे अडीच लाख. म्हणजे गाडीची खरी किंमत साडेतीन नव्हे, सहा लाख आहे, हे घेतानाच लिहून ठेवले पाहिजे. जुनी वस्तू घेऊ पाहणाऱ्या तरुण मित्रांना आम्ही एवढाच सल्ला देतो : दुरुस्तीचा आकडा काढा, मग सांभाळण्याचा काढा, आणि दुसरा पेलत नसेल तर पहिल्याच्या वाटेला जाऊ नका.

एका गोष्टीसाठी मात्र त्या पानावर रकाना नाही. मिस्त्रींच्या हाताखाली आज कोणी शिकत नाही. शिकणाऱ्याला या गाड्यांवर घर चालवता येणार नाही, हे त्यांना आणि आम्हांला ठाऊक आहे. म्हणून गेल्या वर्षापासून ते गाडीवर काम करतात तेव्हा आम्ही शेजारी स्टूल घेऊन बसतो आणि ते काय करतात, कोणत्या क्रमाने आणि का, हे लिहून घेतो. कार्बोरेटर साफ करण्यावर सात पाने झाली आहेत. मजुरीव्यतिरिक्त या सांगण्याचे काय द्यायचे, असे आम्ही त्यांना विचारले. ते हसले आणि म्हणाले, “सर, अक्षर जरा मोठं काढा. माझ्या नातवाला मराठी वाचायला त्रास होतो.”