घाटात चाललात? आधी टायर बघा!

जुन्नर-आंबेगावचा पाऊस गाडीच्या काचेतून बघायची मजा काही औरच. पण त्या मजेचा सगळा भार तळहाताएवढ्या चार रबरी तुकड्यांवर असतो. तेव्हा यंदा बॅग भरण्याआधी जरा खाली वाकून बघा...

जुलै उजाडला की ऑफिसच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. 'शनिवारी कुठे?' लोणावळा? नको रे बाबा, तिथे धबधब्यापेक्षा ट्रॅफिक जास्त. महाबळेश्वर? एका दिवसात काय होणार? मग कुणीतरी म्हणतं, 'नाशिक रोड धरू या.' विषय संपतो. गाणी कुठली, कणीस कुठे खायचं, कुणाच्या गाडीत कोण, सगळं पाच मिनिटांत ठरतं. टायर कसे आहेत, हे मात्र कुणी विचारत नाही. गाडीचा इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, परफ्यूमसुद्धा आठवतं. टायर आठवतो तो पंक्चर झाल्यावरच!

तीन डावी वळणं

नाशिक रोडचं गणित सोपं आहे. चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही गावं ओळीने येतात. मंचरला डावीकडे वळलात की घोडेगाव, डिंभे आणि पुढे भीमाशंकर. नारायणगावला डावीकडे वळलात की जुन्नर, शिवनेरी आणि थेट घाटघरमार्गे नाणेघाट. आळेफाट्याला डावीकडे वळलात की ओतूर, मढ आणि माळशेज. तीन वळणं, तिन्ही डावीकडे, आणि तिन्ही सह्याद्रीच्या कड्याशी जाऊन संपणारी.

गंमत अशी, की हायवेवर असता तेव्हा पाऊस अगदी बेताचा वाटतो. दोन्हीकडे ऊस, कांदा, टोमॅटोचे मांडव. वायपर बंद केला तरी चालतो. डावीकडे वळून तासभर गेलात की जग बदलतं. ऊस संपतो, भातखाचरं सुरू होतात. ढग खाली उतरतात, समोरची एसटी फक्त लाल दिव्यांवरून कळते. एकाच तालुक्यात दोन पावसाळे! पुण्यात सिग्नल टू सिग्नल 'मस्त चालतोय' वाटणारा टायर त्या दुसऱ्या पावसाळ्यात पहिल्यांदा परीक्षेला बसतो.

आमचा हिवाळा जूनमध्ये

माझी मावसबहीण स्टुटगार्टला असते. तिच्याकडे टायरचे दोन सेट आहेत. ऑक्टोबर आला की हिवाळी टायर चढवायचे, ईस्टर झाला की उतरवायचे. तिकडे रस्त्यावर बर्फ असेल तर हिवाळी टायर सक्तीचेच, आणि आता टायरवर डोंगर-हिमकणाचं चिन्ह असल्याशिवाय तो हिवाळी धरत नाहीत. फंडा साधा आहे. साधारण सात अंश सेल्सिअसच्या खाली नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं, पकड सुटते. हिवाळी टायरचं रबर मऊ असतं, ते थंडीतही रस्ता धरतं.

आपल्याला तो टायर नको. डिसेंबरच्या पहाटे शिवनेरीच्या पायथ्याशी कुडकुडायला होतं खरं, पण दहा वाजता ऊन तापतं आणि त्या उन्हात मऊ रबर भराभर झिजतं. आपला 'हिवाळा' म्हणजे जून ते सप्टेंबर. आपल्याला हवी ती ओल्या रस्त्यावरची पकड. वेगळा पावसाळी सेट ठेवायची गरज नाही. टायर निवडतानाच पाऊस डोक्यात ठेवायचा, एवढंच.

रस्त्यावर नक्की काय असतं?

घोडेगाव सोडून डिंभ्याकडे निघालात की लावणीच्या दिवसांत रस्त्यावर चिखलाचे पट्टे दिसतात. खाचरातून बाहेर आलेल्या ट्रॅक्टरची ही सही. पुढे धरण. या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचा हा गिरणी कामगार १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि मागे हटला नाही. धरण मागे टाकून भीमाशंकरकडे चढू लागलात की झाडांची सावली रस्त्यावरून हटत नाही, कडेला शेवाळ धरतं. माळशेजला धुकं आणि दरडीतून आलेले दगडगोटे. नाणेघाटाच्या वाटेवर पाण्याने भरलेले खड्डे, ज्यांची खोली उतरल्याशिवाय कळत नाही.

चिखल, शेवाळ, धुकं दिसतं तरी. साठलेलं पाणी मात्र फसवतं. टायरवरच्या खाचा या पाणी बाहेर फेकणाऱ्या नाल्या असतात. वेग वाढला आणि नाल्या अपुऱ्या पडल्या, की टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगायला लागतो. स्टिअरिंग एकदम हलकं होतं, ब्रेक दाबून काही होत नाही. १९६० च्या दशकात नासाने धावपट्ट्यांवर यावर प्रयोग केले आणि त्यातून एक ढोबळ हिशेब निघाला. टायरमध्ये हवा ३० पीएसआय असेल तर पुरेशा खोल पाण्यावर तो ताशी ९० किलोमीटरच्या आसपास तरंगू लागतो. हवा २० वर आली तर ७५ च्या आसपासच! म्हणजे 'पावसाळ्यात हवा थोडी कमी ठेवायची, पकड वाढते' हा जो सल्ला प्रत्येक ग्रुपमधला एक तरी 'एक्स्पर्ट' देतो, तो नेमका उलटा आहे. झिजलेला टायर तर त्याच्याही आधी तरंगतो.

'पण माझ्या गाडीला एबीएस आहे ना!' असेल. एप्रिल २०१९ पासून ते सगळ्याच नव्या गाड्यांना सक्तीचं आहे. पण एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, इतकंच. टायरमध्ये नसलेली पकड ते कुठून आणणार?

दुकानात शिरल्यावर

गेल्या मे महिन्यात मी माझ्या छोट्या गाडीसाठी टायर बघायला बाहेर पडले. दुकानदारकाकांचा पहिला प्रश्न, 'ताई, किती किलोमीटर चालायला पाहिजे?' दुकानात हाच प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि आपल्यासारख्यांसाठी तोच सगळ्यात कमी महत्त्वाचा. माझी गाडी घर-ऑफिस-घर आणि महिन्यातून एखादी ट्रिप धरून वर्षाला दहा हजार किलोमीटर जाते. ऐंशी हजार चालणारा टायर घेतला तर तो संपायला आठ वर्षं लागतील. तोपर्यंत नक्षी शिल्लक असली तरी रबर म्हातारं होऊन कडक झालेलं असणार. मग आयुष्याचे पैसे कशाला मोजायचे? मी काकांना म्हटलं, 'चाळीस-पन्नास हजार चालला तरी चालेल, पण ओल्यात थांबला पाहिजे.' काका हसले. 'असं कुणी मागत नाही हो,' म्हणाले आणि आतल्या रॅककडे गेले.

मऊ रबर पकड देतं, पण झिजतं. कडक रबर टिकतं, पण घसरतं. या दोघांची तडजोड म्हणजे सिलिका. १९९२ मध्ये मिशलिनने सिलिका मिसळलेले टायर आणले, तेव्हापासून ओली पकड आणि मायलेज दोन्ही बऱ्यापैकी एकत्र मिळू लागलं. आता आपल्याकडेही टायरच्या ओल्या पकडीसाठी सरकारी निकष आहेत, ते २०२२ मध्ये अधिसूचित झाले. निकष म्हणजे पास होण्यापुरते मार्क. डिस्टिंक्शनवाला टायर आपणच विचारून घ्यायचा.

मग टायरच्या कडेवरचे आकडे वाचायला शिका, फार अवघड नाही. माझ्या टायरवर १५५/८० आर १३ ७९ टी असं लिहिलंय. १५५ म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ऐंशी टक्के. आर म्हणजे रेडियल, १३ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ७९ म्हणजे एका टायरवर ४३७ किलोपर्यंत भार आणि टी म्हणजे कमाल वेग ताशी १९०. तो वेग कुठेही आजमावू नका, प्लीज! याच कडेवर लंबगोलात चार आकडे असतात, ती टायरची जन्मतारीख. २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. दोन-तीन वर्षं गोडाऊनमध्ये पडून असलेला टायर 'नवा' म्हणून सवलतीत मिळत असेल, तर त्या सवलतीला नमस्कार करा आणि पुढे चला.

रुंद टायरचा मोह होतो. गाडी 'स्पोर्टी' दिसते ना! पण हलकी गाडी आणि रुंद टायर म्हणजे पाण्यावर लवकर तरंगायची सोय. कंपनीने दिलेल्या साइजलाच राहा.

आणि बजेट दोनच टायरचं असेल तर? 'नवे पुढे टाका, स्टिअरिंग पुढे असतं,' असं बहुतेक ठिकाणी ऐकायला मिळेल. टायर कंपन्या बरोबर उलटं सांगतात. नवे मागे. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जाते, वेग कमी केला की ताब्यात येते. मागचे घसरले तर गाडी गर्रकन फिरते. घाटाच्या वळणावर फिरायला जागा नसते.

चार चांगल्या टायरचं बिल एका मध्यम फोनएवढं होतं. फोन आपण दोन वर्षांत बदलतो, स्क्रीनला एक चरा गेला तरी हळहळतो. टायरची नक्षी मात्र कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते म्हणून तिथपर्यंत ताणतो. नवा टायर असतो सात-आठ मिलिमीटरचा. तीनच्या खाली गेला की ओल्यात थांबायचं अंतर भराभर वाढतं. ज्यांना माळशेज-भीमाशंकर करायचंय, त्यांनी तीनलाच टायर संपला समजा.

टायर कशासाठी? थांबण्यासाठी!

एवढं सगळं केल्यावर आपल्याला वाटतं, आता काय, बिनधास्त! नेमकं इथेच थांबायला हवं.

डिंभ्याच्या पलीकडच्या डोंगरात माळीण आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी मुसळधार पावसात डोंगराचा कडा तुटून गावावर आला. १५१ माणसं गेली. एसटीचा ड्रायव्हर नेहमीसारखा गाडी घेऊन आला, तेव्हा त्याला समोर गावच दिसेना. त्याने खबर दिली तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. नवं माळीण जवळच आमडे इथे उभं राहिलं, २०१७ मध्ये लोक तिथे राहायला गेले. जुन्या जागी स्मारक आहे.

त्या डोंगरापुढे कुठल्याही कंपनीचा टायर काही करू शकत नाही. टायर फक्त एक गोष्ट देतो, वेळेवर थांबायची आणि गाडी मागे वळवायची संधी. ती घ्यायची की नाही, हे आपल्या हातात. पाण्याचा रंग एकदम गढूळ झाला, रस्त्यावर ताजी माती आणि दगड दिसले, ओढा पुलावरून वाहतोय, तर फोटोसुद्धा न काढता मागे फिरायचं. अशा वेळी समोरून येणारे एसटीवाले काय सांगतात ते ऐका. हा रस्ता ते रोज वाचतात, आपण महिन्यातून एकदा.

आणि थांबायचं ते फक्त आपल्यासाठी नाही. आपल्याला हा रस्ता 'लाँग ड्राइव्ह' वाटतो, इथल्या लोकांना तो शाळेचा, बाजाराचा, शेताचा रस्ता आहे. इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद पांघरून बायका लावणीला निघालेल्या असतात. दप्तर पोटाशी धरून पोरं कडेकडेने चाललेली असतात. धुक्यातून म्हशी अचानक समोर येतात. अंधार पडला की बिबट्याही. आपल्या टायरमुळे वाचलेले चार मीटर बहुतेक वेळा यांच्यापैकीच कुणाच्या तरी वाट्याचे असतात.

तेव्हा या शनिवारी जरूर निघा. गाणी लावा, काचा खाली करा, भाताचा ओला वास येऊ द्या. फक्त 'शनिवारी कुठे?' च्या खाली आणखी एक मेसेज टाका... 'टायर बघितलेस का?'

निघण्याआधी पाच मिनिटं

• हवा सकाळी, गाडी गार असताना भरा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. स्टेपनीतही भरा!
• खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर गेला.
• कडेवर फुगा, चीर किंवा बारीक भेगा दिसल्या तर घाट रद्द. टायर पाच वर्षांचा झाला की दरवर्षी तपासून घ्या.
• पहिल्या पावसात सगळ्यात जास्त जपा. रस्त्यावरची धूळ आणि तेल मिळून साबण होतो.
• पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे-घाटांवर बंदीचे आदेश काढतात. आदल्या रात्री बातम्या बघा. श्रावणी सोमवारी भीमाशंकरला प्रचंड गर्दी असते, शक्यतो टाळा.
• उजेडात परता. आणि परतताना नारायणगाव-आळेफाट्याच्या बाजूला मासवडी-भाकरी चुकवू नका!