ताळा

‘क्रिएटिव्ह अकाउंटिंग’ या शब्दप्रयोगाची मला प्रथमपासून चीड आहे. सर्जनशीलता हा आपल्या घरचा शब्द. तो हिशेबातल्या लबाडीला बहाल करावा, हे साहित्याच्या शिक्षकाला रुचणे कठीण. परंतु चीड बाजूला ठेवली, की शब्दातला खोचकपणा पटू लागतो. खोट्या ताळेबंदातही पात्रे असतात, घटना असतात आणि मुख्य म्हणजे अंतर्गत सुसंगती असते.

पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे प्रकरण सप्टेंबर २०१९ मध्ये उघडकीस आले. एचडीआयएल या बांधकाम समूहाशी निगडित ४४ अडचणीतील कर्जखाती झाकण्यासाठी २१,०४९ बनावट खाती दाखवली गेली, असे पोलिसांतील तक्रारीत नमूद आहे. एकवीस हजार पात्रे! कोणाही कादंबरीकाराची छाती दडपावी. बँकेच्या व्यवस्थापकीय संचालकांनी रिझर्व्ह बँकेला लिहिलेल्या पत्रात लेखापरीक्षकांविषयी म्हटले होते, की वेळेअभावी ते वाढीव कर्जेच तपासत, सगळ्या खात्यांतले व्यवहार तपासत नसत.

आमच्या जिल्ह्यातले उदाहरण याहून बोचरे आहे. गंगाखेडच्या एका खाजगी साखर कारखान्याने हजारो शेतकऱ्यांच्या नावे परस्पर पीककर्जे उचलली, असा गुन्हा २०१७ मध्ये नोंदवला गेला. २०२० मध्ये सक्तवसुली संचालनालयाने मालमत्तेवर टाच आणली. हा आरोप आहे आणि आरोप म्हणूनच तो येथे नोंदवतो. मुंबईच्या प्रकरणात माणसेच कल्पित होती. येथे, आरोप खरा मानला तर, माणसे खरी होती, कर्जदार म्हणून त्यांची भूमिका तेवढी कोणी दुसऱ्याने लिहिली होती.

कादंबरीला सुसंगती पुरते, हिशेबाला पुरत नाही. मराठीत ‘ताळा’ हा शब्द फार नेमका आहे: बेरीज बरोबर आली की नाही, हे दुसऱ्या वाटेने जाऊन पाहणे. बाह्य लेखापरीक्षणाचे मर्म हेच. कागदावरून कागदावर न जाता कागदावरून माणसाकडे जायचे. बँकेला, ऋणकोला थेट विचारायचे, की ही रक्कम तुमचीच ना? ‘सत्यम’मध्ये ५,०४० कोटींची रोख आणि बँकशिल्लक नव्हतीच, हे ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनीच कबूल केले, तेव्हा कुठे कळले. कंपनीला आदल्याच वर्षी सुशासनाचा पुरस्कार मिळाला होता आणि संचालक मंडळावर नामवंत प्राध्यापक होते (आपल्या जमातीचा भाबडेपणा सार्वत्रिक आहे). त्याच मंडळाने डिसेंबर २००८ मध्ये अध्यक्षांच्या कुटुंबाशी संबंधित कंपन्या विकत घेण्यास एकमताने मान्यता दिली. तो बेत काही तासांत मोडला, तो बाहेरच्या गुंतवणूकदारांनी. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांत एकाच लेखापरीक्षण संस्थेला दहा वर्षांची मर्यादा घातली. ओळख जुनी झाली की प्रश्न विचारणे अवघड होते, हे नात्यागोत्याच्या आपल्या प्रदेशाला वेगळे सांगायला नको.

मी ज्या पतसंस्थेचा सभासद आहे, तिच्या वार्षिक सभेत लेखापरीक्षण अहवाल चहा येण्यापूर्वी ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात संमत होतो. मागच्या सभेत एक निवृत्त शिपाईमामा मध्येच उठले. म्हणाले, ‘‘सर, माझ्या नावानं काय लिवलंय, तेवढं वाचून दाखवा.’’ सभागृह हसले. सचिवांनी मात्र खतावणी मागवली, आणि चहा थंड होईपर्यंत आणखी अकरा जण रांगेत येऊन उभे राहिले.