बाबांची कोयती



गेल्या खंडेनवमीला आमच्याकडे देवापुढे पाट मांडला होता. पाटावर मुलाचा लॅपटॉप, सुनेची कात्री, स्कूटरची चावी, आणि मधोमध एक काळीकुट्ट कोयती. नातवाने विचारलं, "आजोबा, ह्यात ही कशाला?" मी म्हटलं, "तुझ्या पणजोबांची आहे." त्याचं समाधान झालं, माझं झालं नाही. म्हणून हे लिहायला बसलो. बँकेत आयुष्य गेलेला माणूस, लेखक नव्हे. सांभाळून घ्या.

आमचं गाव फोंडा तालुक्यातलं, म्हणजे जुन्या अंत्रुज महालातलं. घरामागे कुळागर. पोफळी, माड, केळी, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली, आणि डोंगरातल्या झरीचं पाणी पाटाने खेळवलेलं. बाबा पहाटे उठले की चूळ भरायच्या आधी कमरेला आकडी बांधायचे. ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आकडी म्हणजे हातभर नव्हे, वीतभर लाकडाचा ठोकळा. मधे खाच. तो दोरीने कमरेला मागच्या बाजूला बांधायचा. कोयतीचं पातं खाचेतून खाली, मूठ वर. मागे का? तर वाकताना टोचत नाही, पोफळीवर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात, आणि उजवा हात मागे नेला की मूठ बरोबर हाताशी येते. बाबा चालताना कोयती त्या ठोकळ्यावर टकटक वाजायची. त्या आवाजावरून ते कुळागरात कुठे आहेत ते आई स्वयंपाकघरातून सांगायची.

ही कोयती घडली ते मी पाहिलंय. साल १९६३ असेल, गोवा मुक्त होऊन दीडेक वर्ष झालं होतं. मी बारा वर्षांचा. खाणीवरच्या ट्रकचा मोडका कमानपाटा बाबांनी कुठूनसा मिळवला होता, कारण त्याचं पोलाद चिवट. लोहाराकडे मी भाता ओढायला बसलो. लोखंड लाल झालं की ऐरणीवर घण, पुन्हा भट्टीत, पुन्हा घण. सपाट पट्टीला हळूहळू पोट आलं, मग पुढे चोच आली. शेवटचं काम पाणी पाजण्याचं. मला वाटलं होतं अख्खी कोयती पाण्यात बुडवतील. तसं नाही. लोहाराने फक्त धारेची बाजू बुडवली, चर्र आवाज झाला, आणि लगेच बाहेर काढून तो बघत बसला. पाठीतली ऊब हळूहळू धारेकडे उतरत होती. धारेवर गवतासारखी पिवळसर झाक आली तशी त्याने ती पुन्हा पाण्यात घातली.

"फाट मोव, धार घट," तो म्हणाला. म्हणजे पाठ मऊ, धार कठीण. सगळीच कठीण केली तर पहिल्याच गाठीवर तुकडा उडतो, सगळीच मऊ ठेवली तर धार वळते. मग शेपटी तापवून घरच्या फणसाच्या मुठीत बसवली. लाकूड जळल्याचा तो वास मला अजून आठवतो. पैसे रोख दिले नाहीत. लोहाराचा हिशेब सुगीला भातात व्हायचा.

त्या कोयतीने काय नाही केलं! झावळ्या छाटल्या, केळीचे घड उतरवले, आडसरं सोलली, पाटात अडकलेली मुळं तोडली. चवथीच्या आधी बाबा मला रानात घेऊन जायचे. माटोळीसाठी कांगलं, कवंडळं, आंबाडे काढायचे आणि बांधायला केवणीची साल सोलायची, ती ह्याच कोयतीने.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर झालो आणि १९७३ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागलो. पुढे अधिकारी, आणि १९८६ मध्ये गावापासून सहा मैलांवरच्या शाखेचा व्यवस्थापक. बाबांना कोण आनंद! मुलाच्या नावाची पाटी दारावर. बदली झाली त्याच महिन्यात एका सकाळी ते बसने आले. खांद्यावर आडसरांची जोडी, कमरेला आकडी. शाखेतल्या सगळ्यांना पाणी पाजायचं, तर आडसर सोलायला कोयती हवीच.

दारात सुरक्षारक्षक नवा होता, निवृत्त फौजी. त्याने अडवलं. त्यात त्याचं काही चुकलं नाही, रोकड असलेल्या जागेत कोयता घेऊन कोणाला सोडणार? माझ्या केबिनला काच होती. समोर विभागीय कार्यालयातून तपासणीला आलेले साहेब बसले होते. रक्षकाने काचेतून माझ्याकडे बघून खुणेनेच विचारलं, काय करू? साहेबांनीही मान वळवली. "कोण आहे?" ते म्हणाले.

"माझे वडील" एवढे दोन शब्द होते, मंडळी. मी म्हणालो, "गावातला माणूस दिसतोय." आणि रक्षकाला हाताने बाहेर थांबवायची खूण केली.

बाबांनी ते पाहिलं. "हांव भायर रावतां," असं ते रक्षकाला म्हणाले, हे मला नंतर कळलं. अर्ध्या तासाने साहेब जेवायला निघाले तेव्हा मी बाहेर धावलो. बाबा नव्हते. रक्षकाच्या स्टुलापाशी दोन्ही आडसरं होती, न सोललेली.

संध्याकाळी घरी गेलो. त्यांनी विषय काढला नाही, मीही नाही. पण त्यानंतर माझ्याबरोबर गावाबाहेर पडताना त्यांनी कधी आकडी बांधली नाही. कोयती वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवायचे. शाखेत तर ते पुन्हा आलेच नाहीत. मी तीन वर्षं तिथे होतो. खंडेनवमीला आम्ही तिजोरीला, टंकलेखन यंत्राला झेंडूचे हार घालायचो, आणि मला दरवर्षी ती पायरी दिसायची.

बाबा १९९८ मध्ये गेले. बारावं झाल्यावर धाकट्या भावाला मी पहिल्यांदा हे सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत आहे. बाबा म्हणाले होते, साहेबासमोर त्याला अवघड झालं असतं, म्हणून मी उठून आलो." रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझीच अडचण सांभाळली होती.

निवृत्तीनंतर वेळ होता, म्हणून एकदा शस्त्र कायदाही वाचून काढला. १९५९ च्या कायद्याखालच्या १९६२ च्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याला बंधन घातलं होतं, पण घरकामाची आणि शेतीची हत्यारं त्यातून वगळली होती. म्हणजे कायद्यालासुद्धा बाबांची कोयती कशासाठी आहे ते कळत होतं. तिची लाज वाटली ती मला.

माळ्यावर ती गंजून पडली होती. मूठ वाळवीने खाल्लेली. त्या लोहाराची भट्टी केव्हाच बंद झाली. शेजारच्या गावातल्या एकाने नवी मूठ बसवून दिली. धार मी स्वतः दगडावर लावली, दोन दिवस लागले. पातं झिजून निम्मं उरलंय, पण अजून धरते. आकडी मात्र जुनीच आहे, खाच बाबांच्या हयातीत गुळगुळीत झालेली. सकाळी कुळागरात जाताना मी ती बांधतो. पोफळीवर चढणं आता होत नाही, पण तो टकटक आवाज होतो.

येत्या रविवारी नातवाला आडसर सोलायला शिकवणार आहे. तेव्हा त्याला हे सगळं सांगेन, साहेबांसकट.

मंडळी, तुमच्याकडे, खानापुरात, बेळगावात, कारवारकडे, ह्या आकडीला काय म्हणतात? कोणाच्या घरी अजून असेल तर जरूर लिहा. आणि वडील हयात असतील तर त्यांनाच बांधून दाखवायला सांगा.