बहात्तरावा हिस्सा

यंदाच्या सुटीत दहावी झालेल्या नातवासमवेत ‘चीता’ या हलक्या लष्करी हेलिकॉप्टरची प्लास्टिक प्रतिकृती जोडली. प्रमाण १:७२, मूळ पंख्याचा व्यास सुमारे ११ मीटर, आमच्या मेजावर तो जेमतेम १५ सेंटीमीटर. शेपटीचा उघडा सांगाडा नाजूक. पारदर्शक घुमटाला गोंद लागला, तर तो कायमचा धुरकटतो.

‘चीता’ हे फ्रेंच ‘लामा’चे भारतीय रूप. १९७२ साली ‘लामा’ने १२,४४२ मीटर उंची गाठली होती. सियाचिनच्या विरळ हवेतून आजारी जवानांना ‘चीता’नेच वर्षानुवर्षे खाली आणले.

पाती बसवताना नातू म्हणाला, “आजोबा, मला पेढीवर बसायचं नाही. नाशिकरोडला हेलिकॉप्टर चालवायला शिकायचंय.” तेथे भूदलाचे वैमानिक घडतात. चिरंजीव ऐकून गप्प राहिले. तीन पिढ्यांची पेढी त्यांच्या डोळ्यांपुढे असावी.

मी बँकेत गेलो, तेव्हा माझे वडीलही असेच गप्प झाले होते. पुढे धाकट्या बंधूंनी पेढी वाढवली. वाचकहो, पेढीला माणूस मिळतो. मुलाचा कल मात्र एकदा मोडला की पुन्हा जुळत नाही, हे मी चिरंजीवांना सांगितले. होकार अद्याप आलेला नाही. परंतु परवा हिरव्या रंगाची बाटली त्यांनीच आणून दिली.