तळाचे पाणी

आजोळी जायचे ते रिकाम्या पोटी, हा माझा जुना नेम! दिवाळीच्या सुट्टीत कुंभार पिंपळगावला पोचलो, तो वहिनींनी चकल्यांचे ताट पुढे ठेवले. पण घरात सणाची कळा नव्हती. मामेभावाचा मुलगा रसायनशास्त्रात एम. एस्सी. झालेला. त्याला संशोधनाला जायचे होते, तेही दक्षिण ध्रुवाकडच्या सरोवरांच्या!

"तिथलं पाणी कुणाच्या बागेला यायचंय?" दादा म्हणाले. "इथं मोसंबी कोण बघणार? तूच सांग, प्रोफेसर."

मराठीच्या मास्तराने यात काय सांगावे? मी म्हटले, "उद्या सगळे लोणारला जाऊ. तिथेच बोलू."

परतूर, मंठा मागे टाकून लोणार गाठले. काठावर उभे राहताच बोलणे थांबते. उल्केच्या आघाताने काळ्या पाषाणात पडलेले, सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचे हे विवर. वर धारेचे गोड पाणी अखंड वाहते आणि खाली तळे मात्र खारट! दादांनी लवणासुराची कथा सांगितली. चिरंजिवांनी खिशातून हळद लावलेला कागद काढून तळ्यात बुडवला. तो लालभडक झाला!

"अगं बाई, कुंकूच झालं की!" वहिनी उद्गारल्या.

"पाणी अल्कधर्मी आहे, आई." 2020 च्या जूनमध्ये हेच तळे गुलाबी झाले होते, ते मिठात रमणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, हेही त्याने सांगितले.

मग सावलीत शिदोरी सुटली आणि स्वारी अंटार्क्टिकात शिरली. तिथे व्हँडा नावाचे सरोवर आहे. वर बारमाही बर्फ, त्यामुळे वारा पाणी ढवळू शकत नाही. तळाशी जड, खारे पाणी. तेही 20 अंशांहून उबदार! वरचे पाणी खाली जात नाही, खालचे वर येत नाही. वरच्या थरात प्राणवायू आहे, तिथे मँगनीजचे बारीक कण बनतात आणि कोबाल्टसारख्या धातूंचे अंश धरून खाली उतरतात. तळाशी प्राणवायू नाही. तिथे कण विरघळतात आणि धरलेले धातू सोडून देतात.

"ऐकायला गोड आहे," दादा म्हणाले, "पण आपल्याला काय त्याचं?"

"बाबा, आपल्या बोअरचं पाणी काढताना स्वच्छ दिसतं आणि हंड्यात तांबूस का होतं?"

वहिनी सरसावून बसल्या. त्यांच्या पांढऱ्या लुगड्यांवर तेच पिवळे डाग होते!

"खोल जमिनीत हवा नाही, म्हणून लोह, मँगनीज पाण्यात विरघळून राहतात. वर येऊन हवा लागली की त्यांचे कण होतात. तिथलं आणि इथलं रसायन एकच. पाणी हवेत खेळवून, निवळून, वाळूतून गाळलं तर बराच गाळ जाईल."

दादा काही बोलले नाहीत. परतीच्या वाटेवरही गप्पच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली ती बादल्यांच्या आवाजाने. दादा एका बादलीतून दुसरीत उंचावरून पाणी ओतत होते. लेक शेजारी उभा होता.

"आधी ह्या पाण्याचा निकाल लाव," दादा वर न बघता म्हणाले, "मग जा तुझ्या बर्फात. मोसंबी अजून माझ्याच्यानं होते."

वहिनींनी पदराने डोळे टिपले आणि मला दुसऱ्यांदा चकल्या वाढल्या. या खेपेला त्या अधिक खुसखुशीत लागल्या.