झाकणाचा प्रश्न

लंडनमधल्या सुपरमार्केटात बेकिंगच्या सामानाच्या फळीवर लाइल्स गोल्डन सिरपचा हिरवा-सोनेरी डबा हमखास दिसतो. वजन 454 ग्रॅम, म्हणजे जुना एक पौंड. हा पाक पूर्व लंडनमध्ये, सिल्व्हरटाउनला थेम्सच्या काठी तयार होतो. डबा 1885 पासून जवळजवळ तसाच आहे. त्यावर मरून पडलेला सिंह आणि त्याच्याभोवती मधमाश्या हे बायबलमधल्या सॅमसनच्या गोष्टीतलं चित्र असतं. 2024 मध्ये कंपनीनं आपलं बोधचिन्ह बदललं, पण या डब्याला हात लावला नाही. शेजारीच त्याच पाकाची दाबून ओतायची प्लॅस्टिकची बाटली असते. रिकामी झाली की ती थेट रिसायकलिंगच्या पेटीत जाते. डबा मात्र धुऊन ओट्यावर पालथा घातला जातो आणि पुढे त्यात लाकडी चमचे, पेन्सिली नाहीतर सुतळीचे गुंडे येऊन बसतात. याचं कारण विचारलं तर बहुतेक जण काटकसरीकडे बोट दाखवतात, काही जण आठवणींच्या ओढीकडे. मला दोन्ही पटत नाहीत. रिकाम्या डब्याचं पुढे काय होणार हे घरातल्या माणसाच्या स्वभावापेक्षा डब्याच्या झाकणावर जास्त ठरतं. तसं असेल, तर डबे जपण्याचा उपदेश गिऱ्हाइकाला करण्याआधी ते बनवणाऱ्याला चार प्रश्न विचारायला हवेत.

याचा पुरावा याच शहराच्या इतिहासात आहे. 1810 मध्ये पीटर ड्युरंड यांनी पत्र्याच्या डब्यात अन्न टिकवण्याचं पेटंट घेतलं आणि 1813 च्या सुमारास ब्रायन डॉन्किन यांच्या बर्मंडसीतल्या कारखान्यातून आरमारासाठी मांसाचे डबे निघू लागले. हे डबे डाख देऊन बंद केलेले असत आणि उघडायचे तर छिन्नी-हातोडा लागे. डबे उघडण्याचं साधं हत्यार यायला पुढे चार दशकं लागली. असा डबा उघडणं म्हणजे तो फोडणंच. दुसरी परंपरा लंडनच्या पश्चिमेला रेडिंगमध्ये सुरू झाली. जोसेफ हंटली यांनी 1822 मध्ये तिथे बिस्किटांचं दुकान काढलं. समोर घोडागाड्यांचा थांबा असल्यानं प्रवासी बिस्किटं बरोबर नेत, आणि ती मोडू नयेत, सादळू नयेत म्हणून हंटलींच्या धाकट्या मुलाच्या लोखंडी सामानाच्या दुकानातून पत्र्याचे डबे बनून येऊ लागले. हंटली अँड पामर्स हे नाव पुढे जगभर गेलं ते या डब्यांसकट. बिस्किटं एका बैठकीत संपत नाहीत, त्यामुळे डबा रोज उघडायचा आणि रोज घट्ट बंद करायचा ही गरज पहिल्या दिवसापासून त्याच्या घडणीतच होती. 1875 मध्ये रॉबर्ट बार्कले यांनी पत्र्यावर छपाई करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं आणि डब्यांवर रंगीत चित्रं आली. पुढे पुस्तकांच्या आकाराचे डबेही निघाले. चित्रांमुळे डबा दिवाणखान्यात मिरवला हे खरंच, पण तो टिकला झाकणामुळे. युगांडात मिशनऱ्यांनी लुगांडा भाषेतलं बायबल या बिस्किटाच्या डब्यात बसेल अशा बेतानं छापून घेतलं, कारण वाळवीपासून पुस्तक वाचवायला त्याहून चांगलं काही हाताशी नव्हतं. वाळवीला चित्राचं काय!

याहून बोलकं उदाहरण 1914 च्या नाताळातलं आहे. राजकन्या मेरी यांच्या नावानं निधी गोळा करून आघाडीवरच्या सैनिकांना पितळी डबी भेट देण्यात आली. बिजागरीचं झाकण, वर राजकन्येचा उठावातला चेहरा. ब्रिटिश सैनिकांच्या डबीत बहुधा तंबाखू आणि सिगारेटी असत. हिंदी सैनिकांसाठी वेगळा विचार झाला होता आणि त्यांना खडीसाखर व मसाल्याची छोटी डबी मिळाली. त्या हिवाळ्यात फ्रान्सच्या चिखलात खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या तुकड्याही लढत होत्या. तंबाखू संपली, खडीसाखर संपली, डब्या मात्र राहिल्या. सैनिकांनी त्यांत पत्रं, फोटो, कागदपत्रं ठेवली, कारण त्या खिशात मावत होत्या आणि झाकण आपोआप उघडत नव्हतं. आज ब्रिटनमधल्या कितीतरी घरांत आणि संग्रहालयांत त्या सापडतात.

यावर आपल्याकडचा माणूस एक रास्त हरकत घेईल. महाराष्ट्रात डबे वापरले गेले ते गरजेपोटी, झाकण बघून नव्हे. रॉकेलचा 18 लिटरचा चौकोनी डबा घ्या. त्याचा वरचा पत्रा कापून, आडवी लाकडी दांडी ठोकून लोकांनी त्यातून पाणी वाहिलं. तो उभा चिरून सपाट केला आणि झोपडीच्या भिंतीला, छपराला मारला. तिथे झाकणाचा काय संबंध? काहीच नाही, आणि ही हरकत मला मान्य आहे. टंचाई असली की माणूस कशाचाही उपयोग करतो, मग वस्तूचा आकार कसाही असो. म्हणूनच लंडनचा दाखला मोलाचा ठरतो. इथे नवा डबा चार पैशांत मिळतो, टाकायची सोय दाराशी आहे आणि पत्रा जपण्याची सक्ती कोणावर नाही. तरीही डॅनिश बटर कुकीजच्या गोल डब्यात सुई-दोरा आणि बटणं निघतात, मागच्या शेडमध्ये तंबाखूच्या जुन्या चपट्या डब्यांत स्क्रू आणि वॉशर निघतात, आणि बीन्सचा डबा मात्र कोणी ठेवत नाही. कडी ओढून उघडलेल्या त्या डब्याची कड बोट कापते आणि झाकण परत बसत नाही. घर तेच, माणसं तीच, फरक फक्त झाकणाचा. डालडाचा पिवळा डबा आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या डाळी-तांदळासाठी राहिला, त्यालाही गरजेइतकंच झाकणाचं श्रेय द्यायला हवं.

गोल्डन सिरपचं झाकण जरा नीट पाहू. ते रंगाच्या डब्यासारखं कडेच्या खोबणीत दाबून बसतं. चमच्याच्या दांड्यानं उचकटलं की टक् करून सुटतं, तळव्यानं दाबलं की पुन्हा बसतं. आतला माल साखरेचा असल्यानं गरम पाण्यात विरघळून जातो, वासही मागे राहत नाही. पत्रा पोलादाचा, त्यावर कथलाचा अगदी पातळ थर. तो खरवडला नाही आणि डबा कोरडा ठेवला, तर वर्षानुवर्षं गंज चढत नाही. प्लॅस्टिकचे डबेही आपण वापरतोच, असं कोणी म्हणेल. वापरतो, आणि लंडनमधल्या अनेक भारतीय फ्रिजांत आइस्क्रीमच्या डब्यात वरण असतं. पण प्लॅस्टिक हळदीनं पिवळं पडतं, लसणाचा वास सोडत नाही आणि पुढे झाकण चिरतं. चहा, वेलदोडे, केशर यांना उजेड लागता कामा नये, तिथे पारदर्शक डबा कामाचाच नाही.

यापेक्षा कठीण हरकत वजनाची आहे. पत्रा जड असतो, तो बनवायला आणि वाहून न्यायला ऊर्जा जास्त लागते, त्यामानाने प्लॅस्टिकची पातळ पिशवी कमी पापाची. शिवाय पोलाद लोहचुंबकानं कचऱ्यातून सहज वेगळं होतं आणि पुन्हा पुन्हा वितळवता येतं, मग घरात साठवण्याचा अट्टहास कशाला? हा हिशेब चुकीचा नाही, अपुरा आहे. त्यात डब्याचा उपयोग माल संपताच संपतो असं धरलेलं असतं. तोच डबा पुढची दहा वर्षं चहापत्ती सांभाळणार असेल, तर त्या जागी विकत घेतला असता तो दुसरा डबा वजा करायला हवा. मात्र नाताळात केवळ चित्रासाठी घेतले जाणारे, वर्षागणिक वाढत जाणारे डबे या युक्तिवादात बसत नाहीत. एका घराला कुकीजचे किती गोल डबे लागणार? लंडनच्या छोट्या फ्लॅटमध्ये तर जागेचाच प्रश्न असतो. चहाचा डबा एकदा घ्यावा आणि नंतर कागदी पुडी आणून त्यात भरावी. पाकाचे दोन डबे ठेवावेत, तिसरा खुशाल रिसायकलिंगला जाऊ द्यावा. जुन्या बाजारातून आणलेल्या डाख दिलेल्या किंवा रंग सुटू लागलेल्या डब्यात खाण्याचं काही ठेवू नये, त्यात शिसं असू शकतं.

ब्रिटनमध्ये 2025 पासून वेष्टनाच्या कचऱ्याचा खर्च उत्पादकांकडून वसूल होऊ लागला आहे. ही व्यवस्था मला मनापासून योग्य वाटते. पण आकारणी होते ती कोणता पदार्थ, किती टन यावर, आणि पुढे त्यात रिसायकलिंग किती सोपं याचाही विचार धरला आहे. घट्ट झाकणाचा डबा आणि एकदा उघडून टाकायचा डबा या आकारणीत एकाच रांगेत उभे राहतात. साहजिकच जाड पत्रा आणि दाबून बसणारं झाकण वापरणाऱ्या कंपनीला जास्त भरावं लागतं, आणि झाकण काढून पत्रा पातळ केला की बचत होते. परत बंद होणाऱ्या, धुता येणाऱ्या, कड न कापणाऱ्या डब्याला दरात सवलत द्यायला काहीच अडचण नसावी. झाकण परत बसतं की नाही हे तपासायला कोणतीही प्रयोगशाळा लागत नाही.